यशोदाबाई पुढं गेल्या

कॅनडाला जायचं खूळ मुळात वर्षालीचं. नंतर जे काही झालं त्यात तिनं ही गोष्ट कधी नाकारली नाही. प्रज्वल चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि ती तिथल्याच दुसऱ्या कंपनीत क्वालिटीला. पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून दोघं सकाळी वेगवेगळ्या बसनं निघायची आणि संध्याकाळी मोशीच्या ट्रॅफिकमधून पिळून निघाल्यासारखी घरी यायची. एका संध्याकाळी बस तासभर जागची हलली नाही, तेव्हा खिडकीशी बसल्या बसल्याच तिनं ठरवलं की हे आपल्याला जन्मभर करायचं नाही.

ठरवलं की पार पाडायचं, हा तिचा स्वभाव. प्रज्वलच्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी तिनं करून घेतली. त्याच्या डिग्रीची कागदपत्रं तपासायला धाडली, जुन्या कंपन्यांच्या मागं लागून अनुभवाची पत्रं मिळवली. वयाचे गुण कमी व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे म्हणून घरातला एकही रविवार तिनं मोकळा सोडला नाही. पीआर, म्हणजे तिकडं कायमचं राहायची परवानगी, हा शब्द त्या घरात मिठासारखा रोज वापरात आला.

घरात तिसरं माणूस म्हणजे प्रज्वलची आई, यशोदाबाई. औशाजवळच्या खेड्यातून लग्न होऊन पिंपरीला आलेल्या. उद्धवराव, म्हणजे प्रज्वलचे वडील, कारखान्यात लागले, त्यांनी हा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि निवृत्तीनंतर थोड्याच काळात गेले. चाळीस वर्षं इथं काढूनही यशोदाबाईंच्या तोंडातली लातूरकडची बोली तसूभर हलली नव्हती.

वर्षालीनं सगळा बेत त्यांना नीट समजावून सांगितला. त्या वाल सोलत बसल्या होत्या.

"आई, आधी प्रज्वल जाईल. नोकरीला लागेल, घर बघेल. मग मी जाईन. आमचं बस्तान बसलं की तुम्हाला बोलवायचा अर्ज करायचा. त्याला वेळ लागतो. तोवर तुम्ही तळेगावला, गोजामावशींकडं."

"म्हंजी पोरगं एकटंच रिकाम्या घरात शिरणार?" यशोदाबाईंनी एवढंच विचारलं.

"भाड्याचं घर रिकामंच असणार ना आई."

"रिकामं कुठलंच घर नसतंय, पोरी. आदी कुणीतरी पुढं जाऊन घर धरावं लागतंय. चूल पेटवावी, पाणी भरून ठेवावं, आत कोण हाय त्याला सांगावं की माझी लेकरं यायलीत. मगच लेकरांनी पाऊल टाकावं. मी ह्या पिंपरीत आले तवा माझ्या सासूनं घर धरलं होतं."

"त्या आधी इथं येऊन राहिल्या होत्या?"

"न्हाई. त्या गावातच वसरीवर बसून होत्या."

वर्षालीला त्याचा अर्थ लागला नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात असे धागे सुटलेले असतात, असं समजून तिनं ते सोडून दिलं.

मेडिकल झालं, पोलिसांचा दाखला मिळाला, आणि मग नुसती वाट बघणं उरलं. त्या वाट बघण्याच्या दिवसांत, डिसेंबरच्या सुमारास, यशोदाबाई घरात चुकायला लागल्या.

पहिल्यांदा वर्षालीनं पाहिलं ते एका दुपारी. सुट्टी होती. यशोदाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि बेडरूमकडं जायच्याऐवजी डावीकडं वळून सरळ भिंतीला जाऊन भिडल्या. भिंतीवर हात फिरवत म्हणाल्या, "जिना हितंच होता की."

"आई, आपल्या घरात जिना कुठंय?"

त्यांनी वळून वर्षालीकडं पाहिलं. झोपेतून उठवल्यावर माणूस बघतं तसं. "व्हय, हितं न्हाई," असं म्हणून त्या कॉटवर जाऊन बसल्या.

मग हे रोजचंच झालं. सपाट फरशीवर त्या पायरी असल्यासारखा पाय उचलायच्या. चप्पल घालण्याआधी दाराशी दोनदा आपटायच्या. पावलं बर्फासारखी गार पडायची. "मोरी वरल्या मजल्यावर कशाला बांधली असंल लोकांनी," असं आपल्याशीच पुटपुटायच्या. बोलण्यात तक्रार नसायची. नव्या गावच्या बाजारातून पिशवी घेऊन हिंडणाऱ्या बाईचा असतो तसा, जरा त्रासलेला पण कामात गुंतलेला असा त्यांचा चेहरा असायचा.

डॉक्टरांना दाखवलं. मेंदूचा स्कॅन झाला. वयाच्या मानानं सगळं ठीक आहे, मुलगा लांब जाणार याचा ताण असेल, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या. यशोदाबाई गोळ्या निमूट घेत राहिल्या आणि चुकत राहिल्या.

संक्रांतीच्या आसपास एका संध्याकाळी त्या वर्षालीला म्हणाल्या, "घर चांगलं हाय. दोन दारं, मागं मोठं अंगण. पण मागल्या खोलीत एक म्हातारा बसलाय."

वर्षाली कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "कुठल्या घरात, आई?"

"खुर्चीत बसलाय. खिडकीतनं बर्फ बघत. मी त्याला म्हनलं, बाबा, माझी लेकरं यायलीत, तू आता ऊठ. तो काय माझी भाषा समजंना. पण हटवादी हाय, हे मला समजतंय." त्या जराशा हसल्या. "मी बी हटवादीच हाय."

वर्षालीनं रात्री हे प्रज्वलला सांगितलं. तो म्हणाला, "आपणच दिवसभर कॅनडा कॅनडा करतो. तिच्या कानांवर पडतं, त्याचंच काहीतरी होत असेल." ते पटण्यासारखं होतं. वर्षालीनं पटवून घेतलं.

पीआर आलं. फेब्रुवारीत प्रज्वल निघाला. मैदानी प्रांतातल्या एका लहानशा गावात, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. निघताना तो आईच्या पाया पडला. यशोदाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पांढऱ्या दाराचं घर मिळंल तुला. दार खाली घासतंय. खांदा लावून ढकल."

प्रज्वल हसला. डोळे पुसत हसला, आणि टॅक्सीत बसला.

तिकडं घरं मिळत नाहीत, म्हणून वर्षालीनं त्याची आधी हॉटेलात सोय केली होती. पण घर आठवड्याच्या आतच मिळालं. घरमालकाला भाडेकरू हवाच होता. प्रज्वलनं हौसेनं व्हिडिओ कॉल केला. इकडं सकाळ होती, तिकडं आदल्या दिवशीची संध्याकाळ. वर्षाली फोन घेऊन ओट्याशी उभी. यशोदाबाई मागं कॉटवर, भिंतीकडं तोंड करून पडलेल्या.

पडद्यावर पांढरं दार दिसलं. प्रज्वलनं खांदा लावला तेव्हा ते घासत उघडलं.

"आता डाव्या हाताला जिना," यशोदाबाई भिंतीकडं बघतच म्हणाल्या.

कॅमेरा डावीकडं वळला. जिना होता.

"वर मोरी. खाली सैपाकघर. नळ उलटा फिरवावं लागतंय."

"बघ ना वर्षाली, हा नळ उलटा फिरतो," फोनमधून प्रज्वल सांगत होता. त्याला आईचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. वर्षालीनं वळून यशोदाबाईंकडं पाहिलं, हातातला फोन खाली कलला. नुसती फरशी दिसतेय अशी त्यानं तक्रार केली, तेव्हा रेंज नाही असं सांगून तिनं कॉल तोडला.

त्यानंतर प्रज्वलचा प्रत्येक फोन सुखाचा असायचा, आणि तेच वर्षालीला सोसवेना. घर फार मायाळू आहे म्हणायचा. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, पण कामावरून आलं की स्वयंपाकघर उबदार असतं. बूट दाराशी कसेही काढून टाकले तरी सकाळी जोडीनं लावलेले असतात, बहुतेक मीच लावत असेन झोपेत. कधीकधी जिऱ्याच्या फोडणीचा वास येतो. मागची एक खोली तेवढी बंद आहे, मालकाच्या वडिलांचं सामान आहे तिथं. ते त्याच खोलीत वारले म्हणे. आधीचे भाडेकरू टिकायचे नाहीत, पण मला तर छान झोप लागते.

इकडं यशोदाबाई दिवसेंदिवस रिकाम्या होत चालल्या. बाल्कनीच्या दाराशी उद्धवरावांची वेताची खुर्ची होती, तिच्यात ऊन तापलं तरी स्वेटर घालून बसून राहायच्या. भरवलं तर खायच्या, हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत. वर्षालीनं कंपनीतून रजा घेतली. तळेगावहून गोजामावशी येऊन राहिल्या. त्या यशोदाबाईंच्या पाठच्या बहीण. त्यांनी बहिणीचा गार हात हातात घेतला, चेहऱ्याकडं बघितलं आणि पदरानं तोंड दाबलं.

"अक्का हितं न्हाई," त्या म्हणाल्या.

"मावशी, असं नका बोलू."

"मग काय बोलू, माय? तिची सासू अशीच बसली होती वसरीवर. ह्यांचं पिंपरीत बस्तान बसलं तवा उठली. पण तिला वाटंत कुणी आडवं न्हवतं."

"आईंच्या वाटेत कोण आहे?"

"मला काय ठाऊक. पण अक्का हातात घेतलेलं काम अर्धं टाकून येनार न्हाई."

गुढीपाडव्याची सकाळ. कॉलनीत बाल्कन्यांवर गुढ्या लागल्या होत्या, खालून मुलांचा गलका येत होता, गोजामावशी साखरेच्या गाठी आणायला खाली गेल्या होत्या. वर्षाली बाल्कनीत गुढीला वस्त्र बांधत होती. मागून आवाज आला.

"क्लोज द डोअर."

आवाज यशोदाबाईंच्या गळ्यातूनच आला होता, पण जाड आणि फाटलेला. वर्षालीनं मागं वळून पाहिलं. यशोदाबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. आपल्याच हातातल्या बांगड्यांकडं त्या बघत होत्या, कुणी झोपेत हाताला काहीतरी बांधून गेलं असावं तसं. एक बांगडी त्यांनी बोटानं फिरवून पाहिली. मग मान वर केली आणि बाल्कनीतल्या उन्हाकडं डोळे किलकिले करून बघितलं.

चौथी शिकलेली बाई. इंग्रजीतली तिची मजल टीव्ही आणि गॅसपर्यंतची. आणि आता ती त्या परक्या आवाजात, शब्द चघळत, विचारत होती की बर्फ कुठं गेला.

वर्षालीला पळावंसं वाटलं. पण ती बाल्कनीत होती, आणि दाराच्या वाटेतच ती खुर्ची होती. मग तिच्या तोंडून, इतकी वर्षं प्रज्वलकडून घोटून घेतलेल्या त्याच इंग्रजीत प्रश्न निघाला. "तुम्ही कोण आहात?"

उत्तरात नाव आलं नाही. तो म्हातारा, आता त्याला दुसरं काय म्हणायचं, थकल्यासारखा म्हणाला की ती बाई रोज येऊन समोर उभी राहायची. काय बोलते ते कळायचं नाही. पण एक दिवस तिनं हातानं खूण केली, की तुम्ही उठा, मी बसते. फार वर्षं बसून होतो. म्हणून उठलो.

"आणि ती?"

"ती बसलीय," तो म्हणाला. "तिला जागा हवी होती ना, तो नवा मुलगा आलाय त्याच्यासाठी."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि मान छातीवर टेकली. यशोदाबाईंचंच ते पांढरं डोकं, अंबाड्यातून सुटलेली बट, कानामागं गोंदलेला ठिपका. वर्षाली जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. पण रडतानाही तिचं डोकं चालू होतं, आणि तिला एक गोष्ट लख्ख कळली. सासूबाई त्या घराच्या ओढीनं गेल्या नव्हत्या. लेकरं तिथं राहणार म्हणून त्या घर धरून बसल्या होत्या. लेकरं तिथं राहणार असतील, तोवर त्या उठणार नाहीत.

तिनं प्रज्वलला फोन लावला.

"घर सोड," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता सोड. बॅग भर आणि बाहेर पड."

"वर्षाली, बाहेर बर्फ पडतोय. करार झालाय, कामावर चालत जाता येतं इथून. या गावात दुसरं घर नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. जिन्यापासून, नळापासून, आत्ता खुर्चीतून आलेल्या आवाजापर्यंत. तो वेड्यात काढेल अशी तिची तयारी होती. त्यानं काढलं नाही.

"ते बूट," तो हळूच म्हणाला. "उजवा बूट ती नेहमी डाव्यावर जरा चढवून ठेवते. तसेच असतात इथं." आणि मग लहान मुलासारखा म्हणाला, "वर्षाली, मला वाटलं होतं, मी एकटा नाही ते बरंय."

"कॅमेरा चालू कर आणि त्या मागच्या खोलीत जा."

कुलूप नव्हतंच, नुसती कडी होती. पडद्यावर खोली उजळली. खोकी, गुंडाळलेला गालिचा, खिडकीबाहेर मावळतीच्या उजेडात भुरभुरणारा बर्फ. खिडकीशी एक जुनी गादीची खुर्ची. खुर्चीत कुणी नव्हतं. पण गादी दबलेली होती, आणि वर्षाली बघत होती तेवढ्यात ती कुणी बूड सावरावं तशी किंचित हलली.

"आई," वर्षाली फोनमधून म्हणाली, "चला. हे घर आम्हाला नकोय. आम्ही इथं राहणार नाही."

काहीच झालं नाही. बर्फ पडत राहिला.

"तू बोल," ती प्रज्वलला म्हणाली. "तुझं ऐकतील."

प्रज्वल खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला. "आई, ऊठ. मला दुसरं घर मिळेल. नाही मिळालं तर परत येईन. तू बसलेल्या घरात मी नाही राहणार." त्याचा आवाज चिरकला. मग तो उठला, कपाटातली बॅग ओढली, हाताला लागेल ते तिच्यात कोंबलं. उंबऱ्याशी येऊन थांबला. आपल्याकडं घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणायचं, ही यशोदाबाईंचीच शिकवण. लहानपणी चुकून 'जातो' म्हटलं की चापटी बसायची.

"जातो मी," प्रज्वल त्या घराला म्हणाला. "परत येणार नाही."

पांढरं दार घासत बंद झाल्याचं वर्षालीनं फोनवर ऐकलं. पाठोपाठ त्याच्या पावलांखाली बर्फ करकरला.

गोजामावशी गाठी घेऊन आल्या तेव्हा गुढी अजून अर्धवट बांधलेली होती आणि वर्षाली खुर्चीच्या पायाशी बसून होती. दोघी बसून राहिल्या. दुपार कलली तशी यशोदाबाईंच्या तळव्यांना ऊब आली. आधी बोटं, मग पाऊल. त्यांनी डोळे उघडले, अंगातल्या स्वेटरकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या उन्हाचं मला हे कशाला घातलंस माय? मारतीस का?"

वर्षालीनं त्यांना मिठी मारली. सुनेनं अशी मिठी मारणं त्यांच्या सवयीचं नव्हतं. त्या अवघडून तिची पाठ थोपटत राहिल्या.

प्रज्वल सहकाऱ्याच्या तळघरात राहिला, आणि पुढं काही आठवड्यांनी दुसऱ्या शहरात त्याला काम आणि घर मिळालं. उंच इमारतीतला, शेजाऱ्यांच्या पावलांचा आवाज येणारा फ्लॅट. यशोदाबाईंनी त्या घराचं नाव काढलं नाही. कसं आहे तेही विचारलं नाही. "ह्या बारीला मी पुढं जाणार न्हाई," एवढंच म्हणाल्या. "मोठ्या गावात घर धरायची गरज नसतीया. माणसंच माणसांना धरतात."

खाल्लेलं त्यांच्या अंगी लागायला लागलं. भिंतीला भिडणं थांबलं. पण त्या वेताच्या खुर्चीत त्या पुन्हा बसल्या नाहीत. खाली चटईवर बसायच्या. वर्षालीनं एकदा खुर्ची आवरून बाल्कनीत टाकायला घेतली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"असू दे."

"का, आई?"

"त्याला कुठं बसायला सांगू?" यशोदाबाई सहज बोलल्या, पाहुण्याबद्दल बोलावं तसं. "मी उठले तवा तो बी उठला. पण मला हाक आली, त्याला आली न्हाई. वाट कुठनं काढणार?"

वर्षालीनं खुर्चीकडं पाहिलं. खुर्ची रिकामी होती. वेत मात्र मधोमध खोल दबलेला होता, आणि त्या दिवसांत तिच्यात कुणीच बसलं नव्हतं.

तिनं प्रज्वलला त्या घरमालकाला गाठायला लावलं. तुमच्या वडिलांच्या खोलीत जाऊन त्यांना एकदा हाक मारा, असं कुणी कुणाला कसं सांगावं. पण प्रज्वलनं सांगितलं. मालक आधी हसला, मग रागावला, मग म्हणाला की वडील जिवंत असतानाही मी त्या खोलीत फारसा गेलो नाही. फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

जूनमध्ये वर्षालीचं जायचं ठरलं. यशोदाबाईंनी तळेगावला जायला साफ नकार दिला. घरात माणूस असताना कुलूप लावून कसं जायचं, हा त्यांचा मुद्दा होता. शेवटी गोजामावशीच तळेगाव सोडून इथं राहायला आल्या. पहिले काही दिवस त्या वेताच्या खुर्चीकडं पाठ करून जेवायच्या. मग सरावल्या.

वर्षाली निघाली त्या दुपारी खाली टॅक्सी उभी होती. ती पाया पडायला आत आली, तेव्हा यशोदाबाई खुर्चीजवळच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवत होत्या. बाल्कनीचं दार त्यांनी निम्मं लोटलं, ऊन थेट तोंडावर येऊ नये इतकंच.

"त्याला हितलं सोसत न्हाई," त्या म्हणाल्या. "सवय होईल. मला तर कुठं होती, मी आले तवा."

"येते, आई," वर्षाली म्हणाली.

"ये," यशोदाबाई म्हणाल्या, आणि खुर्चीकडं वळून, हळू, एकेक शब्द सुटा करून सांगायला लागल्या की ही माझी सून, आता लांब चालली आहे.